एकाच माहेरच्या दोघी

धाकटे, तुला आणि घरातल्या लहानांना थोरलीचा आशीर्वाद.

रिपोर्ट आला. गर्भाशयाच्या तोंडाशी कॅन्सर आहे, आणि तोही दोन वेगळ्या जातींचा, शेजारी शेजारी. असं क्वचितच दिसतं म्हणे. दोन्हींचं मूळ एकच विषाणू, असं डॉक्टरीणबाई जपून सांगत होत्या. मी म्हटलं, "म्हणजे आम्हा बहिणींसारखंच. एकाच माहेरच्या दोघी, एकाच घरात दिलेल्या." त्या आधी गोंधळल्या, मग हसल्या.

सोमवारपासून इथेच, शहरातल्या दवाखान्यात उपचार. जेवण जातं, झोपेचं विचारू नकोस. ह्यांना एवढंच सांग की मी हसत होते. त्यांचा खोकला थांबला का?

आपण जावा होऊनही कधी भांडलो नाही. या दोघींशी मात्र माझा उभा दावा आहे.

आपल्या दोन्ही पोरींना या विषाणूची लस टोचून आण. त्या माहेराशी पुन्हा सोयरीक नको.

तुझी ताई आणि जाऊबाई