जात्यावरच्या बाईचा तळ

मलकपेठ, शुक्रवार, २१ नोव्हेंबर

ही बोटभर बाई मला खरी कितीला पडली? ओंजळभर शाडू, दिवाळीतल्या सगळ्या संध्याकाळी, आणि मेहुणीच्या मुलीचा साखरपुडा, ज्याला मी गेलोच नाही. रुखवतात मांडायची, जात्यावर दळणारी बाई. तिचा डावा खांदा उतरलेला, माझ्या आईसारखा.

सकाळी नारायणशेठबरोबर नामपल्लीला, थ्रीडी छपाईच्या मशीनवाल्याकडे गेलो. अफझलगंजात शेठचं लग्नसामानाचं दुकान आहे. बाईची कॉम्प्युटरवर फाईल करून तो हव्या तेवढ्या बाया छापणार. फाईल त्याला विकलीय मी. वर ऐटीत म्हणालो, "हजार काढा शेठ. कुठलीही उलटी करा, खाली माझं नाव." नखानं कोरतो मी ते, पहिल्या बाहुलीपासून.

मशीनवाल्यानं बाई फिरत्या पाटावर बसवली, उजेड सगळीकडून फिरवला. संध्याकाळी पहिली छापून आली, पांढरी प्लास्टिकची. आईचा खांदा हुबेहूब. उलटी केली, तर नाव नाही.

"अंकल, जिसपे बैठी वो बाजू मशीनकू नै दिखता."

म्हटलं, आडवी ठेवून परत घ्या. शेठ हसला, "राहू द्या ना काका, खाली कोण बघतंय?" मग जिन्यात जाऊन फोनवर हळूच, "खाली जागा रिकामी आहे, आपल्या दुकानाचं नाव घालू."

माझे कान शाबूत आहेत. तोंडाला काय झालं होतं? घरापर्यंत त्याच्याच स्कूटरवर हसत आलो.

ती प्लास्टिकची बाई आत्ता समोर आहे. पुन्हा उलटी करून पाहिली. तळ सपाट आहे.