दोन सह्यांची खरेदी

प्रिय शहाण्या,

तुझा फॉर्म मिळाला. खातं बंद, निम्मे तुझे, निम्मे माझे, शुक्रवारपर्यंत सही करून पाठव. सोबत एक ओळ नाही. सहा वर्षं माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून माझं डोकं खाल्लंस आणि शेवटी कुरिअरवाल्याला पाठवलंस. तो निदान तीन जिने चढून आला.

तुझ्या बायकोला फोन केला. ती म्हणाली, ते म्हणतात, आम्हा दोघांनाही शेअरमधलं काही कळत नाही, उगाच आईच्या पैशाशी खेळ नको. दोघांनाही! कमीपणा घेतानासुद्धा तुला ताईची सोबत लागते.

आईने पैसे ठेवले ते दोघांच्या सहीवर. एकट्याने काही घ्यायचं नाही, विकायचं नाही. तिला वाटलं असेल, दोघं विचार करतील. आपण केला, तोही नको इतका. तू भूगोलाचा मास्तर, तुला बाजारातही ऋतू दिसतात. पुठ्ठ्याचं चक्र केलंस, मधे टाचणीवर काटा. व्याज उतरलं की आधी बँका, मग गाड्या, मग कारखाने वाढवायला लागणारा माल, सगळं मंदावलं की औषधं आणि साबण. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते काखेत मारून यायचास आणि काटा एक रेघ सरकवायला अर्धा तास घ्यायचास. मी प्रयोगशाळेत रक्त तपासण्यात जन्म घालवला. पेशंट काय सांगतो ते ऐकत नाही, आकडा बघते. कंपनीचा अहवालही मागून वाचते. अध्यक्षांच्या हसऱ्या फोटोआधी कर्ज किती आणि विकलेल्या मालाचे पैसे खरोखर हातात आले का, ते बघते. काय घ्यायचं ते मी सांगायचं, कधी घ्यायचं ते तू.

मग व्हायचं काय? मला पंपांची कंपनी पसंत पडली, तर तू म्हणालास, ताई, सध्या औषधांचे दिवस आहेत, पंपांना दोन वर्षं अवकाश आहे. दोन वर्षांनी ती तिप्पट महाग. तुझ्या काट्याने सिमेंट दाखवलं, तर तू निवडलेली कंपनी गळ्यापर्यंत कर्जात. मी नको म्हटलं, तू अर्धा चहा टाकून निघून गेलास. सहा वर्षांत एकमत झालं ते एका साबणाच्या कंपनीवर. तो शेअर होता तिथेच आहे. इतका सुस्त शेअर हुडकून काढायला खरंच दोन माणसं लागतात.

आणि तुझं ते बूट न काढता दारातून ओरडणं, ताई, व्याज उतरलं! शेजारीण मला विचारायची, तुमच्याकडे कुणी पास झालं का.

गेल्या वर्षी वायर आणि केबल बनवणारी कंपनी आणलीस. काटा बरोबर तिथे होता आणि तू कधी नव्हे इतका खुशीत होतास. म्हणालास, हे एकदा घेतलं की तीन-चार वर्षं बघायला नको, दर महिन्याची माझी पायपीट वाचेल. अहवाल माझ्यासमोर ठेवलास. पुढच्या रविवारी मी तुला सांगितलं, गिऱ्हाइकांकडून पैसे येत नाहीत, नुसती विक्री दाखवतात, नको. तू पान उघडूनसुद्धा पाहिलं नाहीस. म्हणालास, ताईने वाचलंय ना, मग संपलं. शेअर दीडपट झाला, तेव्हा दोन महिने नुसता चहा पिऊन गेलास. नंतर यायचाच बंद झालास. आणि आता हा फॉर्म.

मला संताप आला तो याचा. बाजार तुझ्या काट्याप्रमाणे चालला होता. तरी तू तो माळ्यावर टाकलास म्हणे, घरात सांगत सुटलास की तुला स्वतःलाच काही कळत नाही. एकदा तरी तावातावाने येऊन मला विचारायचंस की, ताई, नक्की कुठल्या पानावर लिहिलंय? हट्टाने भांडणारा तू, नेमका त्या दिवशी ऐकलंस.

कुठल्याच पानावर लिहिलेलं नव्हतं. मी अहवाल मागून पुढे आणि पुढून मागे वाचला. कर्ज निम्म्यावर आलेलं, चार वर्षं नफ्यापेक्षा जास्त रोकड हातात. इतका स्वच्छ ताळेबंद मी सहा वर्षांत पाहिला नव्हता. मला प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन तेव्हा पाच आठवडे झाले होते. तुझी पायपीट वाचेल म्हणालास आणि मी खोटं सांगितलं. आयुष्यात दिलेला तेवढा एकच चुकीचा रिपोर्ट. फॉर्मवर सही केली आहे, सोबत आहे. तो बँकेत द्यायचा की फाडायचा ते तू बघ. पण तुला काही कळत नाही, असं पुन्हा कुणाला सांगू नकोस. तुला काही कारण नसताना ये म्हणायला मला जमलं नाही. आता म्हणते. ये.

तुझीच, अजून रागात असलेली,
ताई