पडद्यामागचा पियानो

३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

एक गोड बातमी. तुझ्या संगीतशाळेच्या प्राचार्यांनी मला महोत्सवाचं आमंत्रण धाडलंय! सबंध आठवडा नॉर्वेच्या त्या जुन्या संगीतकाराचाच, आणि शेवटच्या दिवशी वाद्यवृंदाबरोबर त्याची ती मोठी पियानोरचना मी वाजवायची. माझं नाव तूच सुचवलं असणार आणि मला पत्ता लागू दिला नाहीस. लबाड! तुझ्याकडेच उतरेन. माळ्यावरची गादी उन्हात टाकून ठेव.

तुझा लाडका आणि आता प्रसिद्ध,
धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास अ. आ.

गादी टाकली उन्हात. आमच्या प्राचार्यांनाही शेजारी टाकावंसं वाटतंय.

नाव मी सुचवलेलं नाही. ती रचना मी वाजवायची असं जानेवारीतच ठरलं होतं, सगळ्या शिक्षकांसमोर. तेव्हापासून रोज शाळा उघडायच्या आधी जाऊन सराव करतेय. आणि आता कळतंय, पाहुणा बोलावलाय, तेही तुझ्या पत्रातून! जाब विचारला तर म्हणतात, तुम्ही तर शाळेच्याच, लोकांना नवा चेहरा हवा. पिकतं तिथे विकत नाही, दुसरं काय.

माझं काम तुला ठाऊक आहे. विद्यार्थी मुख्य भाग शिकतो आणि दुसऱ्या पियानोवर बसून मी एकटी सगळा वाद्यवृंद होते. जन्मभर बासऱ्या झाले, ढोल झाले. एकदा, फक्त एकदा, मला पुढच्या पियानोवर बसायचंय रे. तुझ्यावर राग नाही. म्हणजे, थोडा आहे.

तब्येत सांभाळ. तुझा लोभ असू दे, माझा सध्या रुसलाय.
ताई

१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मान खाली गेली. लगेच प्राचार्यांना नकार कळवला आणि चांगलं खरमरीत लिहिलं. माझी ताई तिथे असताना मला बोलावता कसे? तिच्या कष्टांची कदर करा, तिला ही संधी द्याच, धाकट्या भावाची हात जोडून विनंती आहे, असं सगळं. आता बघ कसे ताळ्यावर येतात! तू निश्चिंत सराव कर.

रुसवा सोड, एवढंच मागणं.
धाकटा

२१ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद आज मोजकेच.

शहाण्या, तुला कुणी सांगितलं होतं हात जोडायला? प्राचार्यांनी तुझं पत्र सभेत मोठ्यानं वाचलं. चेलो शिकवणाऱ्या बाईंनी डोळे पुसले, भाऊ असावा तर असा म्हणाल्या. मग प्राचार्य उपकार केल्यासारखे माझ्याकडे वळून म्हणाले, बरं, वाजवा तुम्हीच. म्हणजे माझ्या हक्काची गोष्ट तू भीक मागून माझ्या पदरात टाकलीस! आगीतून फुफाट्यात पडले मी. अंगाची नुसती लाही लाही झाली.

तिथल्या तिथे सांगितलं, अशी संधी मला नको. मंचावर पडदा लावा. ज्याला वाजवायचंय त्यानं त्यामागे बसून वाजवावं, आणि वाद्यवृंदातल्या लोकांनी नुसतं ऐकून हात वर करावेत. वादक एकमुखानं हो म्हणाले, तेव्हा प्राचार्यांचा नाइलाज झाला. शनिवारी ही चाचणी आहे. तूही येणार आहेस आणि वाजवणार आहेस. माझी दया येऊन हात आखडता घेतलास तर पुन्हा तोंड दाखवू नकोस.

गादी घालून ठेवते. ये.
ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि., पण रागानं.

आईचं पत्र आलं. तू तिला लिहिलंस म्हणे, की बहुतेक हात माझ्यासाठी वर झाले खरे, पण धाकट्यानं मुद्दाम ढिलं वाजवलं असणार, मनाचा मऊ आहे तो. कमाल झाली! माझं पित्त खवळलंय.

मी तिथे जिंकायला आलो होतो. गाडीत सबंध वाट गुडघ्यांवर बोटं नाचवत होतो, शेजारच्या बाई उठून दुसरीकडे बसल्या. पडद्यामागे बसल्यावर ताईबिई सगळं विसरलो. येत होतं तेवढं ओतलं, आणि उठलो तेव्हा खात्री होती की मीच. मग तू वाजवलंस. संथ भागात तू जराशी थांबायचीस, आणि बाकीची वाद्यं कुठे सूर उचलणार ते आपोआप ऐकू यायचं. मी ती रचना एकट्याची म्हणून वाजवली होती. हात वर होण्याआधीच मला कळलं होतं. दोन दिवस मी पियानोचं झाकणही उघडलं नाही, आणि तू म्हणतेस, मी सोडून दिलं!

आजच्या आज आईला लिही. धाकटा जीव तोडून वाजवत होता आणि तरीही हरला, अगदी याच शब्दांत. महोत्सवाला येतोय, पहिल्या रांगेत बसणार आहे.

लोभ वाढला नाही तरी चालेल, पण माझी हार माझ्याकडून हिसकावून घेऊ नकोस.
धाकटा