उणे उंची

३ नोव्हेंबर
काशीदला पोचले! खोलीच्या एका खिडकीतून समुद्र, दुसरीतून डोंगर. रिसॉर्टचा मालक हर्षद याला पाहुण्यांसाठी एक खेळ बनवून हवाय: डोळ्यांवर हेडसेट चढवायचा आणि खुर्चीत बसल्या बसल्या पॅराग्लायडरने या डोंगरावरून उडायचं. खरी उड्डाणंही रविवारी सुरू होतायत. पायलट कैस, मुरूडचा. आईजवळ राहता यावं म्हणून दुबईची नोकरी सोडून आलाय. बोलतो कमी, हसतो छान. त्याने ड्रोनने सगळा उतार मोजून दिला, आता पडद्यावर डोंगर उभा करायचं काम माझं. स्वयंपाकाच्या कमळताईंनी सुक्या बोंबलांचं कालवण केलेलं. मी मागून मागून खाल्लं. रोज मोबाइलवर चार ओळी लिहायच्या असं ठरवलंय.

५ नोव्हेंबर
डोंगरमाथ्यावर राखणदाराचा शेंदूर फासलेला दगड होता म्हणे. त्याला पाठ दाखवून गावातलं कुणी उतरत नाही. देवळातून निघतात तसं, दगड दिसेनासा होईपर्यंत उलट्या पावलांनी उतरायचं. "उतार त्याचा हाय, बाय. त्यानं धरलाय म्हनून जागेवर हाय," कमळताई म्हणाल्या. उड्डाणाची जागा सपाट करताना हर्षदने तो उपटला आणि रिसेप्शनच्या कारंज्यात शोभेला ठेवला! वर मला हुकूम, खेळातल्या डोंगरावरूनही त्या दगडाचा उंचवटा पुसा. मी नाही म्हटलं तर म्हणतो, मॅडम, तुम्ही शिकलेल्या ना? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी देवभोळी नाही, पण लोकांची श्रद्धा अशी कारंज्यात घालायची? शेवटी त्याने स्वतःच बसून पुसला.

७ नोव्हेंबर
खेळातला उतार आपोआप वाढलाय. काल सौम्य ठेवला होता, आज कडा झालाय. ग्लायडर वाळूवर टेकत नाही, आरपार खाली जातं. खेळात जमीन पक्की नसली की असं होतं. पण जमीन पक्की आहे, पुन्हा पुन्हा तपासली. आणि वाळूच्या खालीही उतारच आहे. हर्षदवर ओरडले, माझ्या कामाला कुणी हात लावला? खांदे उडवून गेला.

८ नोव्हेंबर
कैसने चाचणीचं उड्डाण केलं. परतला तो पांढराफटक. "मॅडम, दर्यावर आलो तरी खाली उतारच. पानीच न्हाय." उद्या उडू नकोस म्हणून मी त्याला विनवलं. हर्षदने ऐकलं. म्हणाला, भीती वाटत असेल तर जा परत दुबईला. कैस आपल्या लाल पंखाची घडी घालू लागला. त्या माणसाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. द्यायला हवी होती.

९ नोव्हेंबर
कैस उडाला. सगळे बघत होतो. लाल पंख खाली येत राहिला — खाली, आणखी खाली — टेकलाच नाही. मग दिसेना. होड्या शोधतायत. हर्षद म्हणतो, वारा. वारा!

नंतर — खेळ उघडला. वाळूच्या खाली लाल पंख. मी काढलेला नाही. उंची उणे. अजून उतरतोय. माणूस हात हलवतोय.

१० नोव्हेंबर
खेळात दगड परत ठेवला. टिकत नाही, आपोआप पुसला जातो. खराच हवा. हर्षदकडे मागितला तर म्हणतो, पाहुणे त्याच्यासोबत फोटो काढतात. नालायक. कमळताईंनी कारंजं बंद केलं, मी दगड ओढणीत बांधून पळाले.

माथ्यावर. दगड जागेवर. तोंड त्याच्याकडे करून बसलेय. मांडीवर लॅपटॉप — पंख थांबला.

वर येतोय! वर येतोय कैस —

वाळूच्या अगदी खाली. थोडंच राहिलंय. ये रे, ये —

हर्षद आला. माझा दगड, म्हणतोय. पडदा दाखवतेय — माणूस आहे तो, बघ तरी — बघतच नाही. हात लावू नको. मेल्या, दोन मिनिटं थांब, कैस अजून वर यायचा —

उचलला. जमीन कल