खोक्यांवरचं लेबल

मामा, काल तुमच्या पोरानं मला गोडाऊनमधून घरी पाठवलं. म्हणाला, "दादा, थकलायस तू, आठवडाभर रेस्ट घे." थकलोय हे खरं. पण पाठवलं ते मी मालाच्या कागदावर सही करीना म्हणून.

बाहेरदेशातून बीफचा कंटेनर आलाय. खोक्यांवर छापलंय, गुरांना हार्मोन दिलेले नाहीत. आणि माल पाठवणाऱ्याचाच मागाहून फोन, की यातल्या काही गुरांच्या कानात वाढीच्या हार्मोनची गोळी बसवली होती, कुठल्या ते आता सांगता येत नाही. तसलं मांस विकायला इथे बंदी नाही, पण ते लेबल काढून, पडत्या भावात. तुमचा पोरगा म्हणतो, "राहू दे ना लेबल, यार. कोण मरणार आहे? अर्धा देश तेच खातो." मलाही तसंच वाटतं. हार्मोन हार्मोन करून लोकांनी उगाच डोकं उठवलंय. आणि आपण दोघांनी जन्मात बीफ तोंडात घातलं नाही, विकून मात्र शुगर लँडसारख्या महाग उपनगरात घरं केली, आपण काय बोलणार?

पण मला ती जेवणाची सुट्टी आठवते. मागच्या खोलीत तुम्ही बसलाय, फोर्कलिफ्टवाल्याच्या बायकोनं दिलेला राजमा पोळीशी खाताय, नेहमीसारखा. मांस नाही ना, हे तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलं होतं. त्या दिवशी तो फोर्कलिफ्टवाला सहज बोलून गेला, डुकराची चरबी घातल्याशिवाय चव येते का. त्याच्या लेखी चरबी म्हणजे काही मांस नव्हे. मी फिस्सकन हसलो. "हसतोस काय, गाढवा?" खेकसलात माझ्यावर. त्याला एवढंच म्हणालात, "मी विचारलं होतं ना रे तुला." ताट सरकवलंत, आणि उठून गेलात. चरबीनं तुम्हाला काही झालं नव्हतं.

काल हेच पोराला सांगितलं. म्हटलं, ज्याला नको त्याला फसवून खायला घालायचं नाही, बाकी मला कळत नाही. तो म्हणाला, "बाबांच्या गोष्टी नको सांगूस. हा लॉट पडत्या भावात गेला तर गोडाऊन बंद होईल. प्लीज, दादा." मी पेन टेबलावर ठेवलं.

आता दुसरा कोणी सही करेल, लेबलासकट माल जाईल, तेही मला कळतं. तुम्ही आता नाही, हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. काल तो दारापर्यंत जाऊन थांबला होता. वळून आणखी एकदा 'दादा' म्हणाला असता ना, मामा, तर मी केली असती सही.