चार वाजताची खुर्ची

रविवार, ९ मार्च
सकाळचा दुसरा चहा झाल्यावर

प्रिय टिकू,

कशी आहेस असं विचारलं की उत्तराची वाट बघावी लागते, आणि तू तर दोन वर्षं माझ्याशी बोलत नाहीस. म्हणून आधी आमचंच सांगतो. आम्ही बरे आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा तिच्या मर्जीप्रमाणे दुखतो, पाहुणे यायचे असले की जास्त. माझं दुकान चालू आहे. लोकांचे वजनकाटे बिघडायचे थांबत नाहीत तोवर मला फुरसत नाही.

तू दर गुरुवारी वहिनीला फोन करतेस हे मला ठाऊक आहे. मागे मी नुसता खोकलो तरी तू "ठेवते गं" म्हणतेस. त्यामुळे हल्ली गुरुवारी मी खोकला गिळतो. हसू नकोस. तू माझ्याशी पुन्हा बोलावंस म्हणून हे पत्र लिहितोय. शिवाय मला एक गोष्ट कबूल करायची आहे, तीही यातच येईल. तिच्यापर्यंत पोचायला मला वेळ लागेल, तेवढं सांभाळून घे.

आता बातमी. उभी असशील तर बस. तुझा दादा गूढविद्या शिकतोय.

हो, तोच दादा. घरी भविष्य सांगायला आलेल्या माणसाला ज्याने जिन्यातून परत बोलावून "तुमची छत्री इथे राहणार हे नाही दिसलं का?" असं विचारलं होतं, तोच. दुकानाच्या वर लॉन्ड्री आहे, तिच्या शेजारच्या खोलीवर डिसेंबरात पाटी लागली : ‘गूढविद्या, प्राथमिक वर्ग, शनिवारी पाच ते साडेसहा’. वहिनीला म्हटलं, मी ही फसवाफसवी उघडी पाडायला जातोय. ती म्हणाली, "जा, पण जाताना चादरी लॉन्ड्रीत टाका."

शिकवणाऱ्या बाई टेलिफोन ऑपरेटर होत्या. पस्तीस वर्षं इकडची तार तिकडे जोडली. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "न दिसणाऱ्या माणसांशी बोलायची मला नोकरीपासूनच सवय आहे." आम्ही विद्यार्थी चार. मी, एक दातांचे डॉक्टर, एक बस चालवणारी मुलगी, आणि लॉन्ड्रीवाला, जो केवळ चहासाठी येतो आणि ते लपवतही नाही.

डॉक्टर पहिल्या दिवशी काळं कापड आणि सहा मेणबत्त्या घेऊन आले होते. बाईंनी मेणबत्त्या खणात टाकल्या. "वीज गेली की काढू," म्हणाल्या. मग सांगितलं की तीन महिने पत्ते नाहीत, मंत्र नाहीत, वर्तुळं नाहीत. तीन महिने फक्त रूपक.

डॉक्टरांचं तोंड एवढंसं झालं. "म्हणजे शाळेतलं?"

"शाळेत तुम्ही ते ओळखायला शिकलात. इथे ते करायला शिकायचं. गूढविद्येच्या पुस्तकात अग्नी म्हटलं की तुम्ही काडेपेटी शोधणार. पाणी म्हटलं की नळ. एका गोष्टीत दुसरी गोष्ट बघता येत नाही, अशा माणसाच्या हातात मी पत्ते दिले तर तो रमी खेळत बसेल."

गृहपाठ असा होता की रोजच्या कामातली एक वस्तू घ्यायची आणि ती काय आहे याची सात वाक्यं लिहायची. मी घरी येऊन लिहिलं, ‘तराजू म्हणजे वजन मोजण्याचे साधन होय.’ बाई म्हणाल्या, "हे परिपत्रक झालं." दुसऱ्या आठवड्यात लिहिलं, ‘तराजू न्यायाधीशासारखा असतो.’ त्या म्हणाल्या, "हे उसनं आहे. तुमच्या दुकानात कधी न्यायाधीश आला होता का?" बस चालवणारी मुलगी मात्र पहिल्याच झटक्यात म्हणाली, "आरसा म्हणजे माझी सासू. मागून बघत असते आणि आहे त्यापेक्षा जवळ असते." बाईंनी तिला बिस्किटांचा अख्खा पुडा दिला. माझा जळफळाट झाला, खोटं कशाला सांगू.

मला जमलं ते सहाव्या आठवड्यात. तुला पासंग माहीत आहे. दोन्ही पारडी रिकामी असतानाही तराजू एका बाजूला कलतो, मग वरच्या पारड्याला आपण एखादा खडा बांधतो. मी लिहिलं, ‘पासंग म्हणजे तराजूचा स्वभाव. काही टाकायच्या आधीच तो कुठे कलतो ते बघावं.’ बाईंनी वाक्य दोनदा वाचलं आणि बरोबरची खूण केली. मी घरी आल्यावर वही वहिनीच्या नाकासमोर धरली. ती म्हणाली, "तुमचा कुठे कलतो ते मला लग्नापासून माहीत आहे."

बाईंचा आणखी एक नियम आहे, तो मला फार आवडतो. रूपक खरं मानायचं नाही आणि खोटंही मानायचं नाही. ते चुलीवरच्या भांड्याला लावायच्या सांडशीसारखं वापरायचं, म्हणजे हात भाजत नाही. इथे बाईंनीच ‘सारखं’ वापरलं, म्हणजे ती उपमा झाली, रूपक नव्हे, पण ते दाखवून द्यायची हिंमत एकाचीही झाली नाही.

वहिनी जेवायला हाक मारते आहे. येतोच.

बुधवार, दुपार, दुकानातून

जेवायला गेलो तो तीन दिवस आलोच नाही. टेबलावरचं पत्र मी वर्तमानपत्राखाली सरकवत होतो आणि वहिनी रोज ते वर काढून ठेवत होती. आता दुकानात बसून लिहितोय. समोर भाजीवाल्याचा काटा उघडा पडला आहे, त्याला सांगितलंय की संध्याकाळी ये.

गेल्या शनिवारचं सांगतो. गृहपाठ होता : तुमच्या घरातली अशी वस्तू घ्या जिच्यात दुसऱ्या कुणाला काही दिसलं आणि तुम्हाला दिसलं नाही.

मी बाबांची खुर्ची लिहिली.

वर्गात वाचून दाखवलं. बाबा चारला कामावरून यायचे आणि खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीत बसायचे. ते गेल्यावर माझी बहीण दीड महिना आमच्याकडे राहिली होती. चार वाजता खुर्चीवर ऊन यायचं, लाकूड तापायचं आणि खुर्चीच्या डाव्या हाताचा सांधा करकरायचा. बहीण म्हणायची, "दादा, बाबा बसले." कपभर चहा नेऊन ती शेजारच्या स्टुलावर ठेवायची आणि दिवसभराचं सांगायची. कोण आलं, काय म्हणालं, भाजी कशी झाली. मी तिला लाकूड उष्णतेने कसं फुगतं ते समजावलं. दोनदा. एकदा तर मावशीसमोर कागदावर आकृती काढून.

बाई म्हणाल्या, "चांगलं लिहिलंय. मग आता चार वाजता काय होतं?"

मी म्हटलं, "काही नाही. आता ती करकरत नाही."

"का?"

"मी दुरुस्त केली."

लॉन्ड्रीवाल्याने चहाचा कप खाली ठेवला, यावरून काय ते समज. बस चालवणारी मुलगी म्हणाली, "काका, हे तुमच्या बहिणीला माहीत आहे?"

टिकू, हे तुला माहीत नव्हतं. मीच तुला कळू दिलं नाही. एका मंगळवारी तू डॉक्टरकडे गेली होतीस. मी सांध्यात गोंद भरला आणि खालून दोन स्क्रू पिळून बसवले. त्यावर पॉलिशचा हातही फिरवला. काम फार नीट झालं होतं, एवढं नीट मी पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाचंही करत नाही. त्या दिवशी चार वाजले, साडेचार वाजले, चहावर साय धरली. दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशी तसंच. मग तू माझ्याकडे बघून विचारलंस, "दादा, ते रागावले का रे माझ्यावर?"

तू का विचारतेस ते मला माहीत होतं, फक्त मलाच माहीत होतं. शेवटच्या संध्याकाळी दवाखान्यात तू थकून त्यांना म्हणाली होतीस, "किती छळता हो बाबा!" आणि पहाटे ते गेले.

तेव्हा मी एका वाक्यात तुला सोडवू शकलो असतो. त्याऐवजी मी म्हणालो, "रागवायला माणूस असावा लागतो." तू बॅग भरलीस. मी रिक्षा बोलावून दिली. दोन वर्षं तू समजत असशील की मी तुला वेड्यात काढलं म्हणून आपलं बोलणं तुटलं. मी त्याहून वाईट केलं होतं. त्याची लाज वाटते मला, फार वाटते.

आता राहिलेलंही सांगून टाकतो. ते मी वर्गात सांगितलं नाही, वहिनीलाही नाही.

खुर्ची मी का दुरुस्त केली? तुझं खूळ घालवावं म्हणून, असं मी स्वतःला सांगत आलो. पण आदल्या दिवशी, सोमवारी, तू आणि वहिनी बाजारात गेला होतात. मी घरात एकटा, पेपर वाचत होतो. चार वाजता कर्र झालं आणि पेपर खाली न करताच माझ्या तोंडून निघालं, "आलात?"

इतक्या सहज. रोजच्यासारखं. मग मला जे रडू फुटलं, टिकू, ते त्यांना पोचवून आलो तेव्हाही फुटलं नव्हतं. मी घाबरलो. पुन्हा असं होऊ नये म्हणून दुसऱ्या दिवशी गोंद घेऊन बसलो. तुला जे दीड महिना रोज पेलत होतं ते मला एक दिवस पेललं नाही.

मला अजूनही वाटत नाही की बाबा त्या खुर्चीत येऊन बसत होते. पण तू तरी तसं कुठे म्हणत होतीस? तू करकरीला बाबा म्हणालीस आणि त्यांच्याशी बोलायचं राहिलेलं सगळं बोलत होतीस. तीन महिने वर्गात बसून मला जेमतेम सुरुवात करता आली, ते तू न शिकता करत होतीस. आणि मी तुला उष्णता शिकवत होतो!

रविवारी दुपारी मी स्क्रू काढले. पण गोंद मीच भरलेला, तो कसला सुटतो. खुर्ची हलवली, दाबली, माझं सगळं वजन टाकून बसलो. आवाज नाही. तो आवाज आता मला परत आणता येणार नाही, हे तुला स्पष्ट सांगतो.

त्यामुळे पाठवण्यासारखं माझ्याकडे एवढंच आहे. ते तुझ्यावर रागावले नव्हते. एक दिवसही नाही. खुर्ची गप्प झाली ती माझ्या हाताने झाली, तुझ्या एका वाक्याने नाही. मला माफ करायचं की नाही ते तुझं तू ठरव, पण हे ओझं आज उतरव. ते तुझं नव्हतंच.

चार वाजत आले आहेत. पत्र पेटीत टाकून घरी जातो. घरी तुझ्या हातचा चहा नसला तरी मीच करीन, स्टुलावर ठेवीन आणि आज त्यांना सांगेन की टिकूला खरं काय ते लिहिलं.

तुझा भित्रा,
दादा