चव तपासनीसाच्या आजारावर मारलेला ‘वैयक्तिक सवयी’ हा शेरा

प्रति,
मा. अपील अधिकारी (वैद्यकीय),
कामगार आरोग्य मंडळ,
दुसरा मजला, खोली क्रमांक सात.

विषय : माझ्या पतींच्या आजाराचे कारण ‘वैयक्तिक सवयी’ असे नोंदवून उपचारसाहाय्य नाकारल्याबाबत, सदर दोन शब्द वगळून मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपल्या कार्यालयाचे नकाराचे पत्र.
२) या महिन्याच्या दोन तारखेस झालेली सुनावणी.

महोदय,

अर्ज सविनयच सादर करावा लागतो, असे आपल्या आवक खिडकीवरील बाईंनी मला दोनदा बजावले आहे. त्यामुळे सविनय कळविते की, आपल्या पत्राच्या चौथ्या ओळीत माझ्या पतींच्या मधुमेहाला आणि पायाच्या जखमेला ‘वैयक्तिक सवयी’ कारणीभूत असल्याचे म्हटले आहे. त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा येत्या एकवीस तारखेला काढायचा आहे. तेव्हा या दोन शब्दांबद्दल जे बोलायचे ते मला त्याआधी बोलणे भाग आहे.

माझे शिलाईचे दुकान आहे. मला कायद्याची भाषा येत नाही, माप घेता येते. माझे पती वेफर्सच्या कारखान्यात एकोणीस वर्षे चव तपासनीस होते. त्याआधी तीन वर्षे ते तिथेच तेलाचे डबे उतरवत. एके दिवशी त्यांनी ताजा वेफर तोंडात टाकला आणि मुकादमाला म्हणाले, “आजचं तेल कालचं आहे.” मुकादमाने त्यांना वेड्यात काढले. वरिष्ठांनी चौकशी केली, तर तेल खरेच कालचे निघाले. दुसऱ्या दिवशी कंपनीने त्यांच्या हातातून डबे काढून घेतले आणि त्यांना पांढरा अंगरखा दिला. तो खांद्यात घट्ट होता म्हणून मी घरी उसवून नीट केला. त्या रात्री ते आरशासमोरून हलायला तयार नव्हते. कारखान्यात त्यांना सगळे ‘जीभराव’ म्हणू लागले. त्यांनाही ते आवडायचे, आणि खोटे कशाला बोलू, मलाही.

चवीची खोली आपण पाहिलेली नाही, म्हणून सांगते. चार पावलांची पांढरी खोली, एक टेबल, एक खुर्ची. वेफरचा रंग दिसून मत बनू नये म्हणून वर लाल दिवा. समोरच्या भिंतीत छोटी झडप. दर अर्ध्या तासाला ती झडप उघडायची आणि एक ताटली आत यायची. ताटलीत पाच वेफर्स. पाळीत सोळा ताटल्या. शेजारी पाण्याचा पेला आणि एक कागदी कप. या कपाविषयी पुढे लिहिणार आहे, कारण कंपनीने आपली सगळी अब्रू त्या कपात ठेवली आहे.

त्यांची मापे माझ्या दुकानातल्या वहीत आहेत. गिऱ्हाइकांच्या मापांबरोबर दर वर्षी त्यांचेही लिहायचे, ही माझी पद्धत. पांढरा अंगरखा मिळाला त्या वर्षी कंबर एकतीस. मग बत्तीस, चौतीस, चौतीस, छत्तीस. पुढे मी त्यांच्या पँटीच्या मागच्या शिवणीत जास्तीचे कापड ठेवायला लागले, म्हणजे दर वेळी नवी शिवायला नको. शेवटचे माप त्रेचाळीस. वहीची पाने सोबत जोडली आहेत. डॉक्टरांच्या कागदांना आपण ‘अपुरे’ म्हणालात. टेप अपुरी पडली नव्हती.

आजार निघाल्यावर कंपनीने त्यांना चवीच्या खोलीतून काढून फाटकावर उभे केले. त्याच सुमारास कारखान्यात आरोग्यप्रबोधन अधिकारी नावाचे पद निघाले. पदावर एक सडसडीत गृहस्थ आले. पाण्याची बाटली त्यांच्या हातातून कधी सुटत नाही. त्यांनी जेवणाच्या हॉलमध्ये पाटी लावली, ‘आपले ताट, आपली जबाबदारी’. पाटीच्या बरोबर खाली कंपनीच्याच वेफर्सचे यंत्र आहे, बटण दाबले की पाकीट पडते. त्या यंत्राच्या बाजूला वजनकाटा ठेवून त्यांनी एकेकाला सर्वांसमोर चढवले. माझे पती चढले तेव्हा ते मोठ्याने म्हणाले, “हे पाहा. तोंडावर ताबा नसला की काय होतं, त्याचं जिवंत उदाहरण.” लोक हसले. ज्यांच्या जिभेवर या माणसांचा पगार चालला, त्यांच्याकडे बोट दाखवून हसले. यांनी घरी येऊन मला हे सांगितले नाही. माझी नणंद तिथे पॅकिंगला आहे, तिने सांगितले आणि सांगताना रडली. मी रडले नाही. मला तेव्हा कात्री दिसत होती.

त्यानंतर जखम. बुटाच्या आत एक खिळा वर आला होता आणि त्यांना तीन दिवस कळले नाही. पायात संवेदनाच उरली नव्हती. मोजा काढला तेव्हा मी पाहिले. वासावरून आधी मला वाटले, घरात काहीतरी मेले आहे.

आता सुनावणीकडे येते. प्रबोधन अधिकारी कंपनीच्या वतीने हजर होते. त्यांनी तो कागदी कप टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “चावून यात थुंकायची सोय कंपनीने पहिल्या दिवसापासून दिली होती. गिळायचं की थुंकायचं, हा ज्याचा त्याचा निर्णय. यांनी गिळलं.” आपण मान हलवलीत. कप खरा होता, हे मीही मान्य करते.

पण महोदय, तपासणीचा तक्ताही खरा आहे. पँट उसवताना खिशात सापडला होता, तो मी आपल्यापुढे ठेवला. त्यातला नववा रकाना ‘गिळल्यानंतर घशात रेंगाळणारी चव’. न गिळता तो कसा भरायचा, ते या गृहस्थांनी बाटलीतले पाणी थुंकून आम्हाला दाखवावे. आणि अकरावा रकाना ‘आणखी एक खावासा वाटतो का?’ एकपासून नऊपर्यंत आकडे. एक म्हणजे मुळीच नाही. नऊ म्हणजे ‘हात थांबत नाही’. ज्या नमुन्याला सातच्या खाली आकडा पडे, तो परत जाई. मीठ, साखर, मसाला बदलून तोच वेफर पुन्हा झडपेतून आत येई. नऊ येईपर्यंत येई. हात थांबू नये हेच जिथे काम होते, तिथे हात का थांबला नाही असे विचारायला तोंड लागते. कंपनीकडे ते आहे.

यावर ते म्हणाले, “पाकिटावर प्रमाण स्पष्ट लिहिलंय, बाई. एका वेळी सात वेफर्स. वाचायला येतं ना?” येते. पाकिटात अठ्ठेचाळीस वेफर्स निघतात, हेही मी मोजले आहे. आणि आठ वाजता पाच, साडेआठला पाच, म्हणजे कंपनी आपल्या माणसाला आपणच छापलेल्या प्रमाणापलीकडे सकाळी साडेआठलाच नेत होती. उरलेल्या चौदा ताटल्या कोणाची वैयक्तिक सवय होत्या?

पुढची गोष्ट लिहू नये असे माझ्या नणंदेचे मत आहे. तरी लिहिते. सुनावणीत चहाबरोबर एक बशी आली होती. कोणी मागवली ते मला ठाऊक नाही. वेफर्स मात्र त्याच कंपनीचे होते. आमचा कप, आमचा तक्ता, आमचा पाय, हे सगळे ऐकताना आपला हात बशीकडे जात होता. आपण अकरा वेफर्स खाल्लेत. मी मोजले. हा आक्षेप नाही. आपण नुकतेच जेवून आला होतात, तसे शिपायाला म्हणालाही होतात. तरीही अकरा. आपल्या पत्रात आपण आमच्यासाठी ‘संयमाचा अभाव’ असे लिहिलेत, म्हणून आकडा कळवणे मला कर्तव्य वाटले.

मी हसत होते. हे हसत नव्हते. परत येताना जिन्यात कठड्याला धरून उभे राहिले आणि म्हणाले, “साहेबांचा हात बघितलास?” मी म्हटले, “बघितला की. चांगला नाक वर करून बसला होता आणि हात बशीत!” ते म्हणाले, “हसू नकोस. तो मसाला मीच पास केलाय. बावीस वेळा परत पाठवला. तेविसाव्या वेळी नऊ लिहिलं. त्या दिवशी मला काय आनंद झाला होता.” मग कठडा न सोडता, एकेका पायरीवर थांबत जिना उतरले. एवढ्या वर्षांत मी त्यांना जेवताना, आजारात, भांडणात पाहिले आहे. असे कधी पाहिले नव्हते.

यानंतर पाच दिवसांनी प्रबोधन अधिकारी आमच्या घरी आले. मला वाटले, माफी मागायला आले असतील. माझ्यासारख्या बाईलाही कधी कधी मूर्खपणा सुचतो. त्यांच्या हातात खोका होता. कंपनी आता ‘हलके’ वेफर्स काढते आहे, म्हणे. वजन वाढलेल्यांसाठी, मधुमेह्यांसाठी. चव जमत नाही. तीन नवे तपासनीस बसवून झाले, कोणालाच कळत नाही काय कमी पडते ते. ते खुर्चीच्या कडेवर बसून यांना म्हणाले, “तुमच्यासारखी जीभ दुसरी नाही, काका.” वजनकाट्यावर जिवंत उदाहरण होते, घरात काका झाले. “घरी बसून करा. ताटल्या आम्ही पाठवू. शिवाय तुम्ही स्वतः मधुमेही, म्हणजे गिऱ्हाइकाच्या जागी बसून सांगाल.”

मी दार दाखवणार होते. यांनी मला हाताने थांबवले. खोका उघडला, एक वेफर घेतला, डोळे मिटून चावला. मी त्यांच्या घशाकडे पाहत होते. त्यांनी उठून, लंगडत मोरीपर्यंत जाऊन तो थुंकला आणि चूळ भरली. परत येऊन म्हणाले, “यात काय कमी आहे ते मला कळलं.” पाहुण्यांनी लगेच वही काढली. “सांगा ना, काका.” हे म्हणाले, “नाही सांगणार.” एवढेच. आवाज चढवला नाही. ते गृहस्थ खूप वेळ बसले, मग खोका तिथेच विसरल्यासारखे करून निघाले. मी तो रस्त्यापर्यंत नेऊन त्यांच्या हातात दिला.

सबब माझी मागणी अशी की, ‘वैयक्तिक सवयी’ हे दोन्ही शब्द काढून त्या जागी ‘नोकरीतील कामामुळे’ असे लिहावे आणि एकवीस तारखेच्या आत उपचारसाहाय्य मंजूर करावे. माझे पती घरी वेफर्सना कधीच शिवले नाहीत, असे मी येथे लिहिले होते. ते वाक्य त्यांनी खोडायला लावले. त्यामुळे खरे लिहिते. कंपनी दर महिन्याला कर्मचाऱ्यांना एक मोठी पेटी भेट देत असे. ती पलंगाखाली असायची. हे खायचे, मुलगी खायची, आणि दुकानातून दमून आले की मीही भांडी तशीच टाकून पाकीट घेऊन बसायचे. कोणी आमचे हात धरले नव्हते. हे वाचून आपण खूश होऊन अर्ज फेटाळाल, अशी मला भीती आहे. मी त्यांना तसे म्हटलेही. ते म्हणाले, “फेटाळू दे. खोटं लिहून अंगठा वाचणार आहे का?”

मी वीस तारखेपर्यंत रोज दुपारी आपल्या खोलीबाहेरच्या बाकावर बसेन. हातात काज-बटणांचे काम असेल, माझ्या वेळेची काळजी करू नये.

नम्र राहण्याचा शेवटपर्यंत प्रयत्न केलेली,
(सही)
चव तपासनीसाची पत्नी
दिनांक : नऊ

सोबत : १) मापांच्या वहीची एकोणीस पाने. २) तपासणीचा तक्ता, एक, तेलकट. ३) रिकामे पाकीट, प्रमाण छापलेली बाजू वर. ४) डॉक्टरांचे कागद, जे आपण अपुरे म्हणालात.

ता. क. : माझ्या पतींनी या अर्जावर सही करण्यास नकार दिला आहे. त्याऐवजी त्यांनी स्वतःच्या अक्षरात खालील मजकूर लिहिला आहे. मला तो पटलेला नाही, परंतु फाडण्याचा मला अधिकार नाही.

“साहेब, बायकोने दोन शब्द काढा म्हटले आहे. माझे म्हणणे वेगळे आहे. मी गिळले. मला आवडत होते. सवय हा शब्द राहू द्या, तो खरा आहे. ती लोकांना लागावी म्हणून आम्ही त्या कारखान्यात एकोणीस वर्षे मेहनत केली, आणि माझ्याइतकी कोणी केली नसेल. फक्त ‘वैयक्तिक’ तेवढे खोडा.”